मानाची जोडी

सखुबाई : शिंगं रंगवून राहिले, ते कोनासाठी?

तातेराव : उद्या पोळा हाय, इसरली का?

सखुबाई : न्हाई इसरले. तोरणाखालून पहिली जोडी पाटलाची जाते, तेबी ध्यानात हाय. त्यायनं बैलं इकून ट्रॅक्टर घेतला, तवापासून त्यायची जोडी म्हंजे आपलीच.

तातेराव : हळू बोल. पाटलाचा गडी सोनाजी येतच असंल बैलं न्यायला.

सखुबाई : येऊ द्या. पांधणीची वाट कोनी अडवली? त्याच पाटलानं ना? आपल्या लेकीला, वैष्णवीला कळा सुरू झाल्या, तवा बाजंवर घालून चिखलातून नेली. देवानं राखलं. आता शेजारच्या जमनाबाईच्या सुनंचे दिवस भरत आले.

तातेराव : म्या काय करू? साऱ्या गावावर वचक हाय त्यायचा.

सखुबाई : पन कशाच्या जिवावर? त्यायचं रान आपुन कसतो. त्यायचा ट्रॅक्टर आपला पोरगा रत्नपाल हाकतो. अन् उद्याचा मान आपल्या बैलायच्या पायावर उभा.

तातेराव : बटईचं रान काढून घेतलं तर?

सखुबाई : घेतील बी. खोटं कशाला बोलू, मलाबी भेव वाटतं.

तातेराव : लोनी अन् हळद आन. बैलायचे खांदे मळून घेऊ.

सखुबाई : दरसाली तर ते पाटलाच्या दारात व्हतं. बैलायला जेवनाचं आवतनबी तेच देतात.

तातेराव : औंदा आपुन देऊ.

(खांदमळणी आटोपते. सोनाजी येतो, खांद्यावर पाटलाची जरीची झूल.)

सोनाजी : तात्या, सोडा बैलं. पाटील वाट पाहून राहिले.

तातेराव : झूल माघारी ने, सोनाजी. बैलायला आवतन दिलं आमी. 'आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.' आवतन दिलेला पाहुना दुसऱ्याच्या दारात कसा धाडू?

सोनाजी : मंग पाटलाला काय सांगू?

तातेराव : म्हनावं, पांधण मोकळी करा. अन् पोळा सोताच्या बैलायनं फोडा.

सोनाजी : आवो, पन त्यायच्याकडं बैलं कुठं हायेत?

सखुबाई : तुमच्याकडं हायेत, भाऊ. आता तुमची मागतील.

सोनाजी : मागतील खरं. न्हाई म्हनायची सवय न्हाई मला, वहिनी.

सखुबाई : आमाला तरी कुठं व्हती?

सोनाजी : ही झूल जरा ठिवू का इथं?

तातेराव : ठिव. पन पाटलाकडं जातो ना सांगायला?

सोनाजी : जाईन. आदी घरी जातो, तात्या. माझ्या बैलायला अजून आवतन दिलं न्हाई.