शेळीची लाल खुंटी

कमलबाई : अवो, शेळी कशाला बांधलीय ही?

कोंडीराम : खुंटीला.

कमलबाई : ते दिसतंय. लाल रंगाची खुंटी आपल्या गोठ्यात कवा आली?

कोंडीराम : पडली असंल कुठंतरी.

कमलबाई : पडली असंल. काल त्या नव्या रेल्वेच्या मापवाल्यांनी हिरीपाशी ठोकली, म्या डोळ्यानं बघितली. आन आता ती पोरं दुर्बीण मांडून सगळं रान हुडकायलीत.

कोंडीराम : हुडकू दे. तू च्या नेऊन दे त्यांना. काल दिलास तसा. दोन दोन डाव.

कमलबाई : च्याचं लागलं व्हय तुमाला?

कोंडीराम : च्याचं न्हाय. ईरण्णाचं.

कमलबाई : कोण ईरण्णा?

कोंडीराम : आता कोण व्हय. काल काय सांगत हुतीस त्या पोरांना? “बारशीच्या छोट्या गाडीचा गार्ड ईरण्णा, म्या लांबून दिसली की गाडी सोडायचाच न्हाय, लई देवमाणूस.” म्या कडब्याच्या गंजीमागं ऐकत हुतो.

कमलबाई : आगं बया. ते तवाच म्हातारं हुतं वो. काखेत पोर, डोक्यावर बोचकं, पांगरीला माहेरी निघालेली बाई. थांबवली जरा गाडी, तर काय बिघडलं?

कोंडीराम : म्हातारं कुठलं. मिशा काळ्याभोर हुत्या.

कमलबाई : कलप लावायचा.

कोंडीराम : बघ. एवढं ठावं हाय तुला.

कमलबाई : सगळ्या डब्याला ठावं हुतं. घाम आला की काळं वघळ हनुवटीपतुर यायचं.

कोंडीराम : रूळ उचलले तवा गाव हळहळलं. म्या त्या दिशी दोन भाकरी जादा खाल्ल्या.

कमलबाई : म्हणून ही बी गाडी नको व्हय तुमाला? पोरं म्हणत हुती, धाराशिवला बसलं की जेवण जिरायच्या आत पुणं. नातीला, हर्षालीला भेटून त्याच दिशी माघारी.

कोंडीराम : माघारी यायची तेवढी खातरी न्हाय. पांगरीला दोन दिस म्हणून जायचीस, आन पंधरवडा काढायचीस.

कमलबाई : त्यात ईरण्णाचा काय दोष?

कोंडीराम : जागा कोण धरून ठेवायचं? कायम पलीकडच्या खिडकीची.

कमलबाई : तुमाला काय म्हाईत म्या कुठं बसायची? तुमी तर येडशीच्या ठेसनावर सोडून बैलगाडी जुपून माघारी.

कोंडीराम : माघारी कुठं. बैलं पिटाळत आडवाटेनं आपल्या रुळाकडंच्या रानात यायचो. चढाला ती छोटी गाडी दमायची, तवर म्या हिरीवर उभा. पटका सोडून हलवायचो. सगळी गाडी हात करायची, पोरंठोरं, बाया. तुझी तेवढी पाठ.

(शेळी खुंटीला हिसका देते.)

कमलबाई : दरवेळी?

कोंडीराम : मग काय.

कमलबाई : आन सांगताय आज.

कोंडीराम : सांगण्यासारखं काय हाय त्यात.

कमलबाई : हिरीच्या अंगाला ऊन यायचं वो. पोराच्या तोंडावर. ईरण्णानं सावलीची जागा दिली, म्या बसली. तुमी हिरीवर हाव, हे मला सपान पडणार हुतं का?

कोंडीराम : असू दे आता.

कमलबाई : सोडा ती शेळी. खुंटी हुती तिथं ठोकून या.

कोंडीराम : कुठं हुती ते घावंना. सकाळी पाणी सोडलं, भोक बुजलं.

कमलबाई : लई शहाणं. मग त्या पोरांकडं घेऊन जावा. ती मापून ठोकतील. म्हणा, शेळीनं उपटली.

कोंडीराम : शेळीनं?

कमलबाई : मग ईरण्णामुळं म्हणून सांगणार हाव?

कोंडीराम : जातो. पर तुला म्हणून सांगतो, ती गाडी वाऱ्यागत जाणार. कोण कुठल्या खिडकीला बसलंय, काय सुदिक दिसायचं न्हाय.

कमलबाई : न्हाय दिसलं तर न्हाय. तुमी हिरीवर उभं ऱ्हावा. म्या उनाच्या अंगाला बसते.