सुभद्राकाकीने पास केलेल्या पायऱ्या

...नाही, पण मी म्हणतो, दिवसातून वीस वेळा तो जिना चढणार कोण? सुभद्राकाकी. गुडघे कुणाचे दुखणार? काकीचे. मग लाकूड निवडताना तिला विचारायला नको? तुम्हाला सांगतो, आमच्या देवबागात खालच्या खोल्या पर्यटकांना द्यायच्या आणि घरच्यांनी माडीवर जायचं, तसंच काकीच्या कौस्तुभनेही केलं, गॅरेजातून वर लोखंडी जिना उभा केला, नुसत्या पायऱ्यांच्या फळ्या बसवायच्या राहिल्या, तर हा मोबाइल पुढे करतो, "आये, ह्यां बघ, सागवान. एक नंबर."

"फोटोर पाय ठेवन चढू?"

झालं. गाठली कुडाळची वखार. बाप होड्या बांधणारा तिचा... लाकूड म्हटलं की बाई ऐकेल तर शपथ.

वखारवाला जितेंद्र, शंभर किलोचा माणूस, खुर्ची देतो, चहा मागवतो, "काकी, तुमी बसा, आमी बरां तांच देतलंव." बसते कसली? फळीवर टकटक करून कान लावते, हुंगते, ओल्या पदराने पुसते, आणि एका गाठीत नख घातलं तर काय, नुसता भुगा... वरून पुट्टी भरून पॉलिश मारलेलं. कौस्तुभ लाजून गाडीत जाऊन बसला. पण बाई हटेल तर शपथ. जांभ्या दगडाच्या दोन चिऱ्यांवर तीच फळी टाकली नि जितेंद्रलाच म्हणते, "उभो रव."

"काकी, तुटात मगे."

"तुटाची तर हयंच तुटांदे."

राहिला बिचारा उभा... आणि कडाड्! मधोमध दोन तुकडे, नि जितेंद्र भुशात.

तो उठला, पँट झाडली, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काकी, मागे जुनो फणस आसा. तो बघा."

हळदीसारखं पिवळं फणसाचं लाकूड. त्यावर काकी स्वतः दोनदा उडी मारून बघते, साठाव्या वर्षी. फळी हूं की चूं करत नाही.

आता तो लाजरा कौस्तुभ येईल त्या पाहुण्याला आधी जिना दाखवतो, "आयेन निवडल्यान." छाती अशी फुगते की विचारू नका. आणि अर्धं देवबाग आपापल्या फळ्या घेऊन काकीच्या दारात. गॅरेजभर चिरे, चिऱ्यांवर फळ्या, फळ्यांवर काकी. कौस्तुभची नवी गाडी बाहेर खाऱ्या वाऱ्यात. परवा धीर करून म्हणाला, "आये, गाडी गंजता गो." ऐकेल तर शपथ.

"गंजांदे. गाडयेक खंय जिनो चढूचो आसा?"