तिसऱ्यांदा विचारा

माझ्या भावाला, मॅलकीला, गाडीत कोंबून इस्पितळात नेलं ते मी, आमच्या गावात माणसाला प्रश्न कसा विचारायचा हे त्या बदली डॉक्टरीणबाईला शिकवलं तेही मी, आणि एवढं सगळं करून शेवटी गोत्यात आले तीही मीच! हे आधीच स्पष्ट सांगून ठेवते, कारण आमच्या बॅलीनमोर गावात सध्या ही हकीकत ज्याला त्याला आपापल्या पद्धतीनं सांगायची हौस आली आहे, आणि त्यात माझ्या तोंडी घालतात ती वाक्यं मी जन्मात उच्चारलेली नाहीत. मी एकच शब्द उच्चारला होता. नाही! आणि असम्प्टा गेरटी नाही म्हणाली म्हणजे नाही! उभी हयात शाळा चालवली ती याच शब्दावर!

आता आमच्या इस्पितळाची तऱ्हा ऐका. तातडीच्या विभागाला कायमचा डॉक्टर म्हणून नाहीच. येतात ते सगळे बदली... तातडीच्या उपचारांचं शिक्षण घेणारी पोरं, एक नेमणूक संपून दुसरी मिळेपर्यंत इथे आठवडा, तिथे पंधरवडा अशी भोकं बुजवत हिंडणारी! सोमवारी आलेल्याला क्ष-किरणांची खोली कुठे ते ठाऊक नसतं, शनिवारी ठाऊक होतं, आणि रविवारी तो बॅग उचलून चालता होतो! याला कारभार म्हणायचं? मी दर सोमवारी वर्गावर नवी शिक्षिका उभी केली असती, तर तुम्ही मला या गावात राहू दिलं असतं?

गेल्या वसंतात असाच एक लांब मानेचा आला होता. माझा भाऊ मॅलकी शेताची दगडी भिंत रचताना कोसळला आणि त्याच्यासमोर जाऊन बसला. "दुखतंय का?" "छे छे!" "मग जा घरी." झालं! आणि हा दिवटा गेलासुद्धा! दोन मोडक्या बरगड्या घेऊन मेंढ्यांमागे धावत होता, तुम्हाला सांगते! पुढे एकदा चर्चमध्ये शिंकला आणि सगळ्यांदेखत किंचाळला, तेव्हा कुठे उलगडा झाला.

मग आली ही लिझेल. लिझेल फूरी, दक्षिण आफ्रिकेची. बदली डॉक्टरांना इस्पितळ माझ्याच मागच्या खोलीत उतरवतं. पोरगी गुणी, बोलणं सरळ, पण बॅग उघडायलाच तयार नाही! म्हटलं, "अगं, कपडे तरी कपाटात लाव." तर म्हणते, "कशाला बाई? पंधरा दिवसांनी पुन्हा भरायचेच आहेत. मी गेल्यावर कुठल्या रुग्णाचं पुढे काय झालं, हेसुद्धा मला कधी कळत नाही."

रविवारी मॅलकी जेवायला आला. लिझेलनं किटली उचलून विचारलं, "चहा घेणार?" मॅलकी म्हणाला, "नको नको, उगाच त्रास." आणि तिनं किटली खाली ठेवली! ठेवली हो! समोर लोण्याचा गोळा, गरम स्कोनचे पाव, आणि हा बापडा त्या किटलीकडे असा बघतोय, जणू ती शेवटची बस होती आणि आत्ता सुटली! संध्याकाळपर्यंत गावभर झालं, बाईंच्या घरी त्यांच्याच भावाला चहा मिळत नाही.

मग घेतला मी तिचा वर्ग. म्हटलं, "हे बघ, इथला माणूस पहिल्यांदा नाही म्हणतो ती रीत, दुसऱ्यांदा नाही म्हणतो तो संकोच. तिसऱ्यांदा विचारायचं, आणि तेव्हा जे येईल ते उत्तर."

"आणि तुम्ही, बाई?"

"मी नाही म्हटलं म्हणजे नाही!"

पुढच्याच शुक्रवारी मी मॅलकीला ब्रेड द्यायला त्याच्या टेकडीवरच्या घरी गेले, तर हा अंगणात बसलेला, चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम, आणि हात छातीवर. "काय झालं रे?" "काही नाही गं, वारा लागला." वारा! त्याला गाडीत घातलं, त्याचा तो ओला कुत्रा ब्रॅन आपणहून मागे चढला, आणि गाठलं इस्पितळ.

डिम्प्ना नर्सनं हृदयाचा आलेख काढला. ही डिम्प्ना माझीच विद्यार्थिनी, तेव्हाही आगाऊ होती. आलेख निघाला स्वच्छ! लिझेलनं विचारलं, "मॅलकीकाका, छातीत दुखतंय?"

"नाही हो!"

आलेख स्वच्छ, माणूस म्हणतो दुखत नाही... दुसरा कुणी असता तर पाठवलाच असता की घरी! लिझेल दारापर्यंत गेलीसुद्धा. मी तोंड उघडणार, तोच ती वळली, स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "काका, खरंच नाही दुखत?"

"तसं म्हणाल तर... कोकरू बसल्यासारखं वाटतंय. लहानसंच."

ती हलली नाही. "काका, तिसऱ्यांदा विचारतेय."

मॅलकीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "बैल बसलाय, डॉक्टरीणबाई. पण शांत आहे हो, नुसता बसलाय."

शांत बैल! मला तर त्याला तिथेच कोपऱ्यात उभा करावासा वाटला! पुन्हा आलेख काढला, आणि त्या रेघा अशा वर चढल्या की डिम्प्नाची वटवट बंद झाली. हेलिकॉप्टर आलं, याला गॉलवेच्या मोठ्या इस्पितळात नेलं, तिथे बुजलेली रक्तवाहिनी उघडली. तासभर उशीर झाला असता तर... जाऊ द्या. ते वाक्य मी पुरं करणार नाही.

मॅलकी आमच्या इस्पितळातल्या खाटेवर परत आला तो लिझेलच्या नेमक्या शेवटच्या दिवशी. त्याला बघून पोरीचे डोळे भरले. "माझा रुग्ण परत आलेला मी पहिल्यांदाच बघतेय," म्हणाली. इथपर्यंत सगळं उत्तम. आणि मग माझ्याकडे वळली!

"बाई, काकांना टेकडीवर एकटं ठेवता येणार नाही. तुमची मागची खोली उद्या रिकामी होतेय. राहतील तुमच्याकडे?"

"नाही!"

"एक," डिम्प्ना म्हणाली. मोजत होती! माझ्याच तोंडावर!

"अगं, नाही म्हणजे नाही! हा पाइप ओढतो, पहाटे शीळ घालतो, त्या कुत्र्याला अंथरुणात घेतो..."

"राहू दे," मॅलकी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मी आपला बरा टेकडीवर."

"तू गप्प बस! तुला कुणी विचारलंय?"

"बाई, खरंच नाही?"

"नाही!"

"दोन," डिम्प्ना.

मी तिसऱ्याची वाट बघत उभी. तिसरं 'नाही' जिभेवर तयार, स्वच्छ, खणखणीत! पण लिझेल नुसती हसली. म्हणाली, "तिसऱ्यांदा विचारायला नको. दोन्ही वेळा नाही म्हणताना तुम्ही त्यांचं पांघरूण नीट करत होतात."

पांघरूण एका बाजूनं लोंबत होतं! लोंबतं पांघरूण मी कुणाचंही नीट करीन!

तर ठरलं ते असं. मॅलकी मागच्या खोलीत, पाइप बंद, कुत्रा बाहेर पडवीत. लिझेल सहमत. डिम्प्ना सहमत. मॅलकी तिसऱ्या खेपेला सहमत. कुत्र्यानं पडवीला संमती दिली नाही, तो अंथरुणात झोपतो. आणि माझं ते तिसरं 'नाही' अजून माझ्याजवळ तसंच पडून आहे... कुणी विचारलंच नाही हो!