चकचकीत पडद्यावरचा टिळा

अबे थांब, शर्टाच्या बाहीनं स्क्रीन काय रगडून राहिलास! आधी बंद कर. चष्म्याचं कापड घे, जरासं ओलं कर आणि हलक्या हातानं पुस. हे मला गावी देवरीला, आईमुळे शिकावं लागलं.

पहिल्या नोकरीसाठी पुण्याला निघालो होतो. नवा लॅपटॉप समोर उघडा, पण बंद होता. काळा पडदा आरशासारखा चकचकीत. मी खाली मान घालून जेवत होतो. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून आईचा हात आला आणि पडद्यावर ओल्या कुंकवाचा टिळा लागला, वर तांदूळ.

मी ओरडलो, "आई! मशीनची पूजा करायची तर झाकणावर कर ना. काचेवर काऊन लावलं?"

"मशीनले कायले लावू? त्यात तू दिसून राहिला होतास. तुह्या कपाळाले लावलं."

"अवं, मी इथंच बसलो आहे ना!"

"तू कुठं लावू देतोस? एस्टीत लोक हासतात म्हणतोस."

मी तांदळाचे दाणे अलगद उचलले, पडदा पुसला आणि तिच्यापुढे कपाळ केलं.

कपाळावरचं कुंकू मात्र पुण्यापर्यंत पुसलं नाही.