तायाप्पानं घोडी विकली ती रात

ऐका. दिवस बुडला, अंधार पडला, आन तायाप्पा रिकामं दावं खांद्यावर टाकून माळावरनं घराकडं निघाला. अंधारात का? कुनी बघू नये म्हनून! त्यानं घोडी विकली व्हती.

तायाप्पा माझा सख्खा चुलता. त्याच्याच तोंडची गोष्ट हाय ही. सांगताना मान वर करत नव्हता.

त्याची घोडी पाखरी. आपल्या धनगराचा समदा संसार घोडीच्या पाठीवर, तुमास्नी काय सांगायचं? भांडी तिच्यावर, कोकरं तिच्यावर, लेकरं तिच्यावर. त्याची बायकू बायजा बाळंतपनात अडली, तवा ह्याच पाखरीनं तिला भरल्या ओढ्यातनं पल्याड सुईनीकडं न्हेली. मायलेक दोगं वाचली! पर जनावर म्हातारं झालं. कळपामागं रेंगाळाया लागलं. माळावर एक व्यापारी म्हातारी घोडी घ्यायचा. कशाला? खायाला! कापायची, आन दुसरंच मटान म्हनून शहरात खपवायची. तायाप्पाला ठावं व्हतं. समदं ठावं व्हतं. तरी दिली. आन बायजाला म्हनला, "एका बागवाल्याच्या मळ्यात ठिवून येतो. बसून खाईल."

तर निघाला. थोडा गेला न्हाई तोवर मागनं आवाज. टप... टप... टप. थांबला, तर आवाज थांबला. चालला, तर परत टप टप.

"कोन हाय?"

कोन बोलतंय!

मग खांद्यावरचं दावं जड झालं. अरं, जड म्हंजी कसं? पल्याड जनावर बांधलंय आन ते मागं वढतंय, तसं! वळून बघितलं, तर दाव्याचं टोक मोकळंच लोंबतंय. पाऊल टाकलं की परत हिसका. घाबरून त्यानं दावं फेकलं आन पळत सुटला.

पळतोय, पळतोय, आन म्होरं जळकी बाभळ. तिला वलांडून गेला. परत म्होरं तीच बाभळ! चकवा लागला, बाबांनो. घर कुठल्या अंगाला, कळंना.

तेवढ्यात जाळ दिसला. जाळाभवती मानसं बसल्याली, घोंगड्या पांघरून. चुलीवर हंडा रटरटतोय. एक म्हातारी म्हनली, "ये पावन्या, बस. दमलास. जेव."

दिवसभर उपाशी गडी. बसला. म्हातारीनं थाळी म्होरं केली, वाफाळल्याली. त्यानं घास उचलला.

म्हातारी हळूच म्हनली, "कशाचं हाय, इचारलं न्हाईस?"

"कशाचं?"

"जिच्या पाठीवर तुझं लेकरू वाचलं, तिचं."

हातातला घास गळला! तायाप्पानं खाली बघितलं. भुताची पावलं उलटी असत्यात म्हनत्यात ना? तसली असती तरी बरं झालं असतं. घोंगडीखाली खूर व्हते! समद्यांच्या घोंगडीखाली खूर!

उठला आन काट्याकुट्यातनं धावला. मागनं अख्खा कळप. जमीन हादरतीया. मानंवर गरम श्वास लागतोय. "बिरोबा! बिरोबा!" वराडतोय, पर वाट दिसंना. आन तेवढ्यात लांबनं घोडी खिंकाळली.

पाखरी! तिचाच आवाज! त्या आवाजाच्या रोखानं तो डोळं झाकून धावला, तो थेट व्यापाऱ्याच्या कुडाच्या भिंतीवर आपटला. मागचे खूर तिथंच थांबले. जिला विकली, तिनंच वाचिवलं, बघा.

झुंजुमुंजु झालं व्हतं. राखनदार बाहिर आला. तायाप्पानं पैसं त्याच्या म्होरं धरले. "माझी घोडी दे."

"गाडी येईल आता. आन परत न्ह्यायची व्हती, तर काल कशाला दिलीस?"

तायाप्पानं पैसं तसेच म्होरं धरून ठिवले. राखनदारानं त्याच्या रक्ताळल्या पायांकडं बघितलं, आन पैसं घिऊन फाटक उघडलं.

पाखरी त्याला बघून पुढं आली. जसं काय झालंच न्हाई! दावं नव्हतं. त्यानं डोईचं मुंडासं सोडलं, तिच्या गळ्यात बांधलं. आन तिच्या मागं बाकीची आली. एक टांग्याची, गुडघं फुटल्याली. एक वरातीची पांढरी, कपाळावर अजून गोंडा. एक आंधळी, दुसरीच्या अंगाला अंग लावून. त्यास्नी वाटलं, समद्यांस्नीच न्ह्याया आलाय.

तायाप्पा पाखरीला घिऊन बाहिर पडला. आन ऐका, फाटक त्यानं लावलं. सवताच्या हातानं. त्या बघत व्हत्या.

घरी आल्यावर बायजानं इचारलं, "मुंडासं घोडीच्या गळ्यात कसं?" चकवा लागला म्हनून सुटला असता. पर त्यानं समदं सांगितलं. बायजानं घोडीला पानी दावलं, आन आत गेली. त्याला पानी न्हाई इचारलं.

मरस्तवर तायाप्पानं डोईला मुंडासं बांधलं न्हाई. बाजाराच्या दिशी माळाच्या फाट्यावर बसायचा. म्हातारी घोडी घिऊन कोन आलं, की आडवा व्हायचा. पाया पडायचा. शिव्या खायचा. किती जन माघारी फिरले, पाखरी मेल्यावर तिला पुरून वर दगूड मांडला, ते समदं म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय.

तवा म्हातारं जनावर घिऊन त्या माळाच्या वाटंला जाऊ नका. कंदी जाऊ नका. रातीचं न्हाई, दिवसाचं बी न्हाई.

उठा आता. आन निजायच्या आधी घोड्यांस्नी पानी हाय का, बघून या.