टोपल्यामागचा पॉइंट

…नाही साहेब, तिथं नका लावू – अन् ते टोपलं कायले काढलं भितीवरचं? टांगा वापस, टांगा. उगंच नाही टांगलं ते. त्याच्यामांगं लाइटचा पॉइंट हाये, अन् त्या पॉइंटात जे लावलं ते जळते. हसा तुमी, कालेजातल्या मानसाले हसूच येईन – पन आंदी ते टेपचं मशिन बाजीवर ठेवा, त्याची वायर गुंडाळा, मंग हसा. सेलवर चालते म्हनता? मंग सेलवरच चालवा. गिरजा, माही घरवाली, येतेच आता, खालच्या वाफ्यात वांगे तोडून राह्यली, उद्या मालेगावचा बजार हाये न. भुलाबाईचे गाने तिच्याएवढे कोनालेच येत नाही हे तुमाले कोनं सांगतलं – हिरालालनं? तिच्या भावानं? मंग त्यानं हेबी सांगतलं असन, का या पॉइंटानं त्याच्या बहिनीचं अन् माहं बोलनं बंद पाडलं व्हतं. नाही सांगतलं? बसा मंग. ती येईपावतर सांगतो.

दुष्काळ सरल्यावर आमच्या हिरीवर मोटर बसली. घरात एक बलब पयलेच व्हता, खांबावरून आलेला – तो आजबी साजरा जळते, पाहा न. मोटर बसली तशी गिरजा म्हने, ओसरीवर एक पॉइंट घ्या, भाऊ रेडिओ देनार हाये. हिरालाल अकोल्याले तेलाच्या मिलात, बहिनीवर लय जीव त्याचा. म्या म्हनलं, घेऊ. एक वायरमन भेटला – कुठचा व्हता, आता कुठं हाये, ते मले इचारू नका – त्यानं मोटरच्या पेटीतून दोन तारा ओढल्या, ओसरीवर पॉइंट ठोकला, चहा पेला अन् गेला. तवापासून गिरजाच्या तोंडात एकच गोष्ट – रेडिओ. भाकर थापता थापता रेडिओ, वाफे बांधता बांधता रेडिओ, शेजारनीले रेडिओ, मले रेडिओ. एक दिवस त्याच नादात पिठलं लागलं बुडाले, अन् मी बोलून गेलो – आग लागो तुह्या रेडिओले. मानूस बोलते न साहेब असं? तुमी नाही बोलत घरी? …हां, बोलता.

दुसऱ्याच दिवशी रेडिओ आला. ट्रंकेएवढा, समोर जाळीचं कापड. गिरजानं त्याले हळद-कुकू लावलं, सारी आळी अंगनात बसली, हिरालालनं वायर खुपसली अन् बटन फिरवलं. एक बाई गाऊ लागली. अर्ध्या ओळीवर आली नसन तं मांगून धूर. करपलेल्या रबराचा वास. सारे रेडिओकडं पाहून राह्यले, अन् गिरजा? गिरजा माह्याकडं पाहून राह्यली.

मालेगावले देवमनच्या दुकानात नेला मी तो. देवमन म्हंजे आमच्या आळीतल्या उकंडरावचा पोरगा, रेडिओचं काम शिकून आलेला, हाताचा गुनी. त्यानं आतलं जळलेलं तारेचं गुंडाळं बदललं, अन् तिथं त्याच्या टेबलावर तो रेडिओ दुपारभर गायला – म्या सोता ऐकला. घरी आनला, लावला, पुन्हा धूर. आता तुमीच सांगा, बाईनं काय समजाव? देवमनपाशी गाते, माह्या घरी जळते. मधात फरक कोनाचा? माहाच. तिनं काही भांडन नाही केलं. भांडली असती तं बरं व्हतं. बोलनंच बंद केलं तिनं.

म्हंजे ताट येये, पानी येये, सारं टायमावर – पन तोंडातून सबद नाही. बोलाचं ते शेळीसंगं. शेळीले सांगे, मीठ सरलं वो – का मी बजारातून मीठ आनाव. शेळीले म्हने, उद्या पाहुने येऊन राह्यले – का मी घरी राहाव. मीबी मंग शेळीलेच म्हनो, आनतो म्हना. आमच्या दोघाईच्या मधात त्या शेळीले चारा खाले फुरसद नव्हती. मी जिंदगीभर सांगत आलो व्हतो का बाईचं तोंड मोटरीवानी चालते – पन ते बंद झालं न साहेब, तं पोरी सासरी गेलेलं घर एवढं मोठं हाये हे मले तवा समजलं. संध्याकाळी मी उगंच वाफ्यात बसो. घरी येऊन करता काय?

मंग दिवाळीले हिरालाल पंखा घेऊन आला. टेबलावरचा, हिरवा. म्या म्हनलं, नको लावू बावा. तो म्हने, भाऊजी, तुमी असेच. लावला. अन् तो पंखा जो फिरला – मळनीयंत्रावानी घोंगावला, खुटीवरचे कपडे उडाले, अन् त्यानंबी धूर सोडला. हिरालालनं वायर ओढून काढली. मंग बहिनीले म्हने, चाल माह्यासंगं अकोल्याले, राह्य थोडे दिवस. अन् गिरजानं हो म्हनलं. हसत नका राहू साहेब, मले तवा हसू नव्हतं. तिनं लुगडे बांधले गाठोड्यात, अन् मी सायकल काढली, थेट देवमनचं दुकान. म्या म्हनलं, देवमन, रेडिओ राहू दे, पंखा राहू दे – घर पाहाले चाल माहं.

तो आला. त्यानं काहीच महागाचं लावलं नाही, एक बलब लावला पयले. बलब पेटला तो पांढराफट, डोळे दिपले, अन् फटकन फुटला. मंग त्यानं दोन बलब घेतले, एकाच तारेत एकामांगं एक जोडले, अन् मले म्हने, "काका, करंट बरोबर असन तं दोघं अर्धाअर्धा वाटून घेतीन. दोघंबी कंदिलावानी मिनमिन जळतीन." अन् लावले. दोन्ही बलब असे पेटले जसे बजारातल्या दुकानात पेटतेत. वाटनी झाल्यावरबी दोघाईचं पोट भरलं. म्हंजे त्या पॉइंटात जवळजवळ दुप्पट करंट येऊन राह्यला व्हता. त्या वायरमननं मोटरच्या पेटीतून एक तार जिती अन् एक थंडी, बिनकरंटाची, घ्याची, तं दोन्ही जित्याच घेतल्या. मोटरीले चालते ते, तिले साऱ्या जित्याच तारा लागतेत. रेडिओले कसं चालन?

गिरजा दारात उभी, गाठोडं काखेत. सारं ऐकलं तिनं. अन् मले नाही, देवमनले इचारलं – "म्हंजे याईच्या बोलन्यानं रेडिओ नाही जळला?" देवमन म्हने, "काकी, नवऱ्याच्या बोलन्यानं जळत असते तं मालेगावात एकबी रेडिओ राह्यला नसता."

ती हसली. तोंडावर पदर धरून हसली. मंग माह्याकडं वळली अन् म्हने, पन बोलले तं व्हते न तुमी? म्या म्हनलं, हो, बोललो व्हतो. ती म्हने, पिठलं खरंच लय करपलं व्हतं. अन् गाठोडं सोडलं. हिरालाल एकटा गेला अकोल्याले.

पॉइंट? तो तसाच हाये. देवमन म्हने, मोटरच्या पेटीले सरकारी सील हाये, मी हात लावत नाही, लाइटवाल्याईले सांगा. म्या सांगतलं. येतो म्हने. तवापासून टोपलं टांगून हाये. रेडिओचं म्हनाल तं हिरालालनं मंग लहान देला, सेलवरचा. तो वाजते – सेल असले तं वाजते. आता सरले हायेत. मालेगावात मिळतेत न, कोपऱ्यावरच मिळतेत, मी दर बजाराले जातो तिथून – पन इसरतो. मेथीचं बी ध्यानात राह्यते, तमाखू राह्यते, सेलच कसे राह्यत नाही कोन जाने. अन् रेडिओ बंद असला का तिले करमत नाही, मंग ती सोताच गाते, वाफे बांधता बांधता, एकामांगं एक, लहानपनीचे, माहेरचे, कामरगावकडचे, तिच्या मायचे – मी तिकडच्या बांधावर असतो, तिले वाटते मले काही ऐकू येत नाही… काहून पाहून राह्यले असे माह्याकडं? इसरते मानूस. वय झालं माहं.

अन् हे पाहा, सेलचं तिच्यापाशी नका काढू. तुमी टेपवाले मानसं, तुमच्याजवळ जास्तीचे सेल असतीन, ते तिले देऊ गिऊ नका. आली पाहा ती, डोक्शावर टोपलं हाये, मांजरीवानी पाय वाजत नाही तिचा. गिरजे, हे साहेब अमरावतीहून आले, तुहे गाने टेपात भराले. काही नाही, लाइटचं सांगत व्हतो त्याईले. हात धू, बस. नाही, मी नाही बसत – मी असलो का ती लाजते साहेब, अन् ते मोटरीचं घरघर तुमच्या मशिनीत येईन. मी जातो, मोटर बंद करतो. पानी उद्या देईन वांग्याले. तुमी चालू करा. मले तिथून ऐकू येते.