कडा नसलेला डाग

ताई : दिवा बंद कर आणि इकडे बघ. दोन्हीकडे आईच्या छातीचा मागच्या वर्षीचा एकच एक्स-रे फोटो आहे, फक्त दोन वाटांनी आलेला. डावीकडचा तुझ्या प्रोग्राममधून आमच्या रुग्णालयात आलेला. उजवीकडचा गावच्या दवाखान्यात मशीनवर तसाच पडून होता, आज मागवला.

धाकटा : डावीकडचाच स्वच्छ दिसतोय की.

ताई : म्हणूनच तर तेव्हा ‘सगळं ठीक’ लिहून मोकळी झाले मी. आता उजवीकडे बघ. वरच्या दोन बरगड्यांच्या मधे.

धाकटा : ते... धुरकट?

ताई : तेव्हा वाटाण्याएवढं होतं. परवाच्या फोटोत लिंबाएवढं झालंय, पसरलंय. ऑपरेशनच्या पलीकडे गेलं, बाळ्या.

धाकटा : असं कसं होईल? मी कडा तर सगळ्या राखल्या होत्या!

ताई : कडा म्हणजे? मला कळेल असं सांग.

धाकटा : गावची इंटरनेटची लाइन बारीक, अख्खा फोटो पाठवायचा तर जीव जातो. म्हणून फोटोचे थर करायचे. एकात ढोबळ उजेड-अंधार, बाकीच्यांत बारकावे. जागा खातात ते बारकावेच. मग आधी कडा हुडकायच्या, म्हणजे उजेड जिथे एकदम तुटतो ती जागा. तिथले बारकावे जपायचे, बाकीचे पुसून टाकायचे.

ताई : आणि ज्याला कडाच नाही, हळूहळू विरत जातं, ते?

धाकटा : ...पुसलं जातं.

ताई : हे दुखणं असंच सुरू होतं रे. कडा नसतेच त्याला.

धाकटा : मग हे तेव्हा का नाही बोललीस? प्रोग्राम तपासायला सगळे मोडलेल्या हाडांचेच फोटो दिलेस मला!

ताई : हाडातली बारीक चीर दिसत नाही म्हणून मीच तुझ्या कानीकपाळी ओरडत होते ना. चीर दिसायला लागली, तशी तुझं कौतुक सांगत अख्ख्या रुग्णालयात मिरवले. छाती माझ्या डोक्यातच आली नाही.

धाकटा : बंद करू आजच. सगळे मूळ फोटो येऊ देत, लाइन तुंबली तर तुंबू दे.

ताई : सकाळीच बंद केलं. बाकीच्यांचेही मागवलेत. त्यातलं कुणी वाचेलही. आईला त्याचा काय उपयोग?

धाकटा : काहीच करता येणार नाही?

ताई : दुखू नये एवढं बघता येईल.

धाकटा : तिला सांगणार आहेस?

ताई : आजार सांगेन. हे कुठल्या तोंडाने सांगू? प्रोग्राम तुझा, सही माझी.

धाकटा : ताई, पुसलं तर मीच ना गं.

ताई : डोळे पूस. खोकला ऐकू येतोय, ती येतेय.

(आई दार ढकलून आत येते.)

आई : किती वेळ ताटकळत ठेवाल म्हातारीला? अगं बाई, ही मी का?

ताई : तू बाहेर बस ना आई, आलोच आम्ही.

आई : बघू तर दे. हा उजवीकडचा काय मेला धुरकट आलाय! आणि हा बघ, एकेक बरगडी मोजून घ्यावी. हा तुझा ना रे, बाळा?

धाकटा : हो, आई.

आई : वाटलंच मला. घरी न्यायला हाच दे हं, शेजारणीला दाखवते.